आधी आई-बापाला शिकवा: खान्देशातल्या तिन्ही जिल्हा परिषदांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव / धुळे / नंदुरबार

विषय: स्वमग्न मुलांच्या पालकांना तालुक्याच्या ठिकाणी, त्यांच्या बोलीत प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची शेती आहे, थोडी केळी आणि बाकी कापूस. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे. हे पत्र मी त्याच्या एकट्यापुरतं लिहीत नाही.

मागणी सुरुवातीलाच सांगते. तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यात स्वमग्न मुलांच्या आई-वडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी नियमित वर्ग सुरू करा. मुलाशी घरात कसं खेळायचं, कसं बोलायचं, त्याला चार मुलांत कसं न्यायचं, हे तिथे शिकवलं जावं. शिकवू शकतील अशी माणसं तुमच्या यंत्रणेत आधीपासून आहेत आणि बसायला जागा पंचायत समितीत आहे.

आज काय होतं ते तुम्हाला कागदावर ठाऊक असेल. मी गावातून दिसतं ते सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. मूल हाकेला ओ देत नाही, बोट दाखवत नाही, एकटंच खेळतं, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं की जिल्ह्याच्या ठिकाणी जायची चिठ्ठी मिळते. तिथे चाचणी होते, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता ठरते, पुढे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. इथवरचा रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा झाला आहे आणि त्याचं श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवं. पण कार्ड हातात आलं की पुढे काय? "आठवड्यातून तीन दिवस थेरपीला घेऊन या," एवढं सांगून आई-बापाला घरी पाठवलं जातं.

आठवड्यातून तीन दिवस कुठून आणायचं? धडगावच्या बाईने चांदसैलीचा घाट उतरून नंदुरबारला यायचं? २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण बुडालेली मजुरी अर्धी होत नाही. मुक्ताईनगर, साक्री, शिरपूर, अक्कलकुवा, कुठूनही निघा, एक तासाच्या थेरपीत पूर्ण दिवस जातो. दोन-तीन महिने लोक ओढाताण करतात, कर्ज काढतात, आणि मग थांबतात. थांबले की "पालकच गंभीर नाहीत" असा शेरा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे साधारण १ जण स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत आपल्या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून ७९ लाखांच्या पुढे होती. तोच दर इथे लावून पाहिला तर लहानमोठे मिळून ६० हजारांवर माणसं होतात. हा ढोबळ हिशेब आहे, पण एवढ्यांना पुरतील इतके थेरपिस्ट खान्देशात नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांतही येणार नाहीत, हे सांगायला ढोबळ हिशेब पुरे आहे.

आणि थेरपिस्ट भरपूर असते तरी मी हेच म्हटलं असतं. लोकांत मिसळणं ही गोष्ट बंद खोलीत, एका तासात, एका अनोळखी ताईकडून पूर्ण शिकता येत नाही. मूल आठवड्यातले ऐंशी-नव्वद तास जागं असतं. ते तास आमच्याजवळ जातात. चुलीपाशी, गोठ्यात, शेताच्या बांधावर, ओट्यावर.

आमच्या घरात हे कसं झालं ते सांगते, कारण त्याशिवाय मी नेमकं काय मागते आहे ते कळणार नाही. माझ्या मुलाला ठिबकचं वेड आहे. व्हॉल्व्ह उघडला की नळीतून आधी हवा फुसफुसते, मग एक थेंब, मग ओळीने सगळे थेंब. तो तिथे बसला की हाका मारून आमचा घसा बसायचा. एका संस्थेच्या ऑनलाइन वर्गात आम्हाला सांगितलं, त्याला तिथून उठवू नका, तुम्हीच शेजारी जाऊन बसा. तो बघतो तिकडे बघा. तो बोट लावतो तिथे तुम्हीही लावा. मग व्हॉल्व्हवर हात ठेवा आणि थांबा. "काय पाहिजे? बोल ना, बोल," असा मारा करू नका, नुसतं थांबा. त्याचे वडील हे करायला लागले. आधी बरेच दिवस काही घडलं नाही. मग एकदा त्याने वडिलांचा हात धरून व्हॉल्व्हवर दाबला. आणखी काही दिवसांनी हात न धरता त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, व्हॉल्व्हकडे पाहिलं, परत तोंडाकडे पाहिलं.

बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण एक गोष्ट दोघांनी मिळून पाहणं, आणि आपण मिळून पाहतोय हे दोघांनाही ठाऊक असणं, यावरच पुढचं बोलणं, खेळणं, मैत्री उभी राहते. स्वमग्न मुलांना नेमकं हेच अवघड जातं. "पानी" हा त्याचा पहिला कामाचा शब्द त्या वाफ्यात आला. सगळ्याच मुलांना शब्द येतात असं नाही. कुणी चित्राचं कार्ड देतं, कुणी मोबाइलवर बोट ठेवतं, कुणी ओढत नेऊन दाखवतं, आणि तेही बोलणंच आहे. ते बोलणं ओळखून त्याला लगेच उत्तर कसं द्यायचं, हे पालकाला शिकवावं लागतं. आपोआप येत नाही.

एका घरातल्या अनुभवावर सरकारी योजना चालत नाही, हे मला कळतं. म्हणून अभ्यास काय सांगतात ते पाहा. इंग्लंडमध्ये 'पॅक्ट' नावाच्या पद्धतीचा १५२ लहान मुलांवर अभ्यास झाला. २०१० साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात थेरपिस्ट मुलाला शिकवत नाही. आई किंवा बाप मुलाशी खेळतात, त्याचं थोडा वेळ चित्रीकरण होतं, आणि मग थेरपिस्ट आणि पालक बसून ते पाहतात. इथे मुलाने तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या लक्षात आलं का? इथे तुम्ही थांबलात आणि बघा, त्याने स्वतःहून वस्तू पुढे केली. चुका काढत बसायचं नाही, जमलेला क्षण शोधून तो वाढवायचा. सुरुवातीला मुलांच्या लक्षणांवर फारसा फरक दिसला नव्हता, पालक आणि मुलातलं देणं-घेणं मात्र सुधारलं होतं. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तर प्रशिक्षण मिळालेल्या घरांतल्या मुलांची लक्षणं तुलनेने सौम्य होती. २०१६ साली ते निष्कर्षही प्रसिद्ध झाले.

इंग्लंडचं इथे काय, असं कुणी म्हणेल. हीच पद्धत आपल्याकडच्या परिस्थितीला जुळवून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत वापरून पाहिली गेली. गोव्यातलं काम 'संगाथ' या संस्थेने केलं. दोन्हीकडची मिळून दोन ते नऊ वर्षांची ६५ मुलं, सहा महिन्यांत १२ बैठका, आणि शिकवणारे कुणी तज्ज्ञ नव्हते. साधे आरोग्य कार्यकर्ते होते, त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि वर देखरेख होती. पालक मुलाच्या कलाने वागायला शिकले आणि मुलं स्वतःहून त्यांच्याशी संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट थोडा कमी भरला. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला चमत्कार विकायचा नाही. पण शिकवून तयार केलेला साधा कार्यकर्ता हे काम करू शकतो, हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचाही पालकांसाठी तयार कार्यक्रम आहे, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी. तोही तज्ज्ञ नसलेल्या माणसांनी चालवावा असाच आखलेला आहे. म्हणजे तुम्हाला शून्यापासून काही शोधून काढायचं नाही.

मोठ्या मुलांचं वेगळं आहे आणि त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला ठिबकच्या नळीपाशी बसवून भागत नाही. त्याला मित्र हवे असतात आणि ते कसे मिळवायचे ते त्याला समजत नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात आठवड्यातून एकदा मुलं एका खोलीत आणि त्यांचे पालक दुसऱ्या खोलीत तोच धडा शिकतात, आणि आठवडाभर घरी सराव करायचा असतो. चालू गप्पांत कसं शिरायचं, हे तिथे पायरीपायरीने शिकवतात. आधी लांबून बघ, ते कशावर बोलताहेत ते ऐक, मध्ये जरा खंड पडू दे, मग त्याच विषयावरचं काही बोल. त्यांनी घेतलं नाही तर भांडू नको, निघून ये, असं सगळ्यांचंच होतं. हे पारावरच्या पोरांत शिरताना तितकंच लागू पडतं. फक्त उदाहरणं आपली हवीत, क्रिकेटची टीम पाडताना काय म्हणायचं, वाढदिवसाला बोलावलं नाही तर काय करायचं, मोबाइलवरच्या ग्रुपात सारखे मेसेज टाकायचे की नाही.

आता भाषेबद्दल, कारण यात फार नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. आमच्या घरात अहिराणी बोलतात. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आम्हाला सांगितलं, मूल गोंधळेल, घरात शुद्ध मराठीच बोला, जमल्यास इंग्रजी. झालं, माझ्या सासूबाई गप्प झाल्या. नातवाला "आठे ये", "काय शे?" म्हणत दिवसभर त्याच्यामागे असणारी बाई बोलायलाच घाबरायला लागली. ज्या मुलाशी जास्तीत जास्त माणसांनी बोलायला हवं, त्याच्याशी बोलणारं एक माणूस घरातून कमी झालं. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांवर बरेच अभ्यास झाले आहेत, आणि दुसऱ्या भाषेमुळे त्यांचं बोलणं अधिक मागे पडतं असं त्यांत आढळलेलं नाही. मग हा सल्ला अजून का दिला जातो? नंदुरबारमध्ये दर दहांतली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत. सातपुड्यात पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची आणि कोकणा आदिवासींची कोकणी, इकडे रावेर-यावलला लेवा बोली. वर्ग त्या त्या बोलीत हवा. माहितीपत्रक छापून चालणार नाही, ते कुणी वाचत नाही. बोलीत बोलणारी बाई समोर हवी.

आणि शिकवायला आपल्याकडे काय कमी आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधतात. झोक्यावर पाळी येईपर्यंत थांबणं, दुसऱ्याला झोका देणं, "आता माझी पाळी" हे सांगणं, यासाठी कुठलं महागडं खेळणं लागत नाही. कानबाईच्या सणाला घर भरतं, भाऊबंद जमतात, वाजंत्री असते. स्वमग्न मुलाला तो आवाज अंगावर येतो. आम्ही आधीच्या वर्षीचे फोटो त्याला आठवडाभर रोज दाखवतो, असह्य झालं तर जाऊन बसायची मागची खोली ठरवून ठेवतो, आणि आलेल्यांना पाण्याचा पेला द्यायचं काम त्याच्याकडे देतो. काम असलं की त्याला माणसांत कशासाठी जायचं ते कळतं. पेला दिला की समोरचा काहीतरी बोलतोच, आणि तो सराव होतो. अशा गोष्टी गावोगावच्या आयांना सुचू शकतात. कसं बघायचं हे एकदा कुणी तरी दाखवावं लागतं.

इथे एका गैरसमजाबद्दल स्पष्ट बोलते. पालकांना शिकवा म्हटलं की लोकांना ऐकू येतं, पालकांमुळेच झालं. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं आईच्या थंडपणाला दोष देण्याची रीत पडली. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ती चूक दाखवून दिली. तेही एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आज स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीत असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, याबद्दल वाद नाही. लसीमुळेही ती होत नाही. लसीवर संशय घेणारा १९९८ चा लेख २०१० मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानेच मागे घेतला. तरी आपल्याकडे सासर बाईलाच बोलतं. टीव्ही दाखवला म्हणून, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून. तुमच्या वर्गाच्या पहिल्याच बैठकीत, घरातल्या सगळ्यांसमोर, सरकारी माणसाने हे सांगितलं पाहिजे की यात आईचा दोष नाही. तेवढ्या एका वाक्याने कितीतरी घरं सावरतील.

आणि म्हणूनच वर्गाला बाप आलाच पाहिजे. नाहीतर स्वयंपाक, गुरं, वेचणी, आणि वरून थेरपी, हे सगळं एकट्या बाईच्या डोक्यावर येईल आणि तीच आजारी पडेल. पालकांना शिकवणं म्हणजे तज्ज्ञांचं काम घरावर ढकलणं असा अर्थ कुणी काढू नये. महिन्यातून एकदा तरी प्रशिक्षित माणसाने चित्रीकरण पाहून पुढचं सांगायला हवं. फिट येणारी, स्वतःला इजा करणारी, झोपच नसणारी मुलं असतात, त्यांना डॉक्टर लागतोच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांनी ही देखरेख घ्यावी.

वर्गात काय शिकवू नये, हेही लिहून ठेवा. "डोळ्यांत बघ" म्हणून हनुवटी धरून तोंड वर करू नये. हात हलवतो म्हणून हातावर मारू नये. मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक सांगतात की दिवसभर इतरांसारखं असल्याचं सोंग करण्यात ते थकून जातात. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंना असते, स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत तसा तोही इतरांना कळत नाही. हे मला फार पटतं. माझ्या मुलाने वर्गातल्या मुलांशी बोलायला शिकावं, तसं त्या मुलांनीही शिकावं की तो उत्तराला वेळ घेतो, त्याला मागून धक्का दिलेला सोसत नाही, आणि तो एकच वाक्य परत परत म्हणतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं. गोव्यासारख्या सहा महिन्यांत पालकांच्या बारा बैठका ठेवा, आणि त्यांच्याबरोबर शाळेत एक तास शिक्षक आणि मुलांसाठी ठेवा.

खर्च आणि माणसं कुठून, हा प्रश्न तुम्ही विचाराल. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता धरून २१ दिव्यांगत्वं आहेत, आणि त्याच्या कलम २७ मध्ये पुनर्वसनाच्या सेवा देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. त्यातून वस्तूंचं वाटप होतं, ते व्हावंच, पण थोडा भाग या वर्गांना मिळावा आणि वर्गाला येणाऱ्या मजूर पालकांना बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळावी. भरपाईशिवाय गरीब घरातलं कुणी येणार नाही, हे मी आताच सांगून ठेवते. शिकवायला समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक आहेत, ते गावं फिरतात, घरं ओळखतात. अंगणवाडी सेविकांचीही मदत होईल. दिव्यांग बालकांसाठीची अंगणवाडी नियमावली केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणलेलीच आहे. पण सेविकेवर आधीच मोबाइलमधल्या नोंदींचं किती ओझं आहे ते तुम्ही जाणता. तिने मूल ओळखावं, घराशी बोलावं, वर्गाला पाठवावं. शिकवण्याचं काम तिच्यावर टाकायचं असेल तर त्याचा वेगळा मोबदला द्या.

वेळापत्रक मंत्रालयात ठरवू नका. चोपडा, अमळनेर, शिंदखेडा भागात वेचणी ऐन भरात असताना बाई येणार नाही. नंदुरबारच्या डोंगरातली घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. तिथे जून ते ऑक्टोबर एवढाच काळ हाती असतो, आणि त्यात सहा महिन्यांचा वर्ग बसत नसेल तर बैठका जवळ जवळ घ्याव्या लागतील, उरलेल्या फोनवर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा दुपारी मूल घेऊन कुणाला बोलावू नका.

एक धोकाही ध्यानात घ्या. सरकारकडून काहीच मिळत नाही म्हणून लोक बाहेर जातात, आणि बाहेर स्वमग्नता बरी करतो म्हणून स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची, इंजेक्शनं विकणारे बसलेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे आणि तत्सम काही ठरावीक आजार सोडले तर असे उपचार चालत नाहीत. तरी शेत गहाण ठेवून लोक जातात. गहाणखत झाल्यावर त्यांना समजावण्यात काही अर्थ नसतो. निदानाच्या दिवशीच वर्गाची तारीख हातात मिळाली, तर बरेच जण वाचतील.

सुरुवात लहान करा. प्रत्येक जिल्ह्यातला एकच तालुका घ्या, चार विशेष शिक्षक तयार करा, एक वर्षभर वर्ग चालवा, काय जमलं आणि काय नाही ते आमच्यासमोर मांडा. आमच्या भागातल्या आम्ही काही आया आणि दोन-तीन वडील फोनवरून एकमेकांना धरून आहोत. तुमच्या शिक्षकाबरोबर उभं राहायला, अहिराणीत समजावून सांगायला, आमच्या घरातली चित्रीकरणं वर्गात दाखवायला आमची तयारी आहे. तिन्ही जिल्हा परिषदांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि सभेची तारीख आम्हाला कळवावी. आम्ही मुलांना घेऊन हजर राहू. त्यासाठी सभागृहाशेजारी एक शांत खोली उघडी ठेवावी, एवढी विनंती.

कळावे,

आपली,
एका स्वमग्न मुलाची आई
चोपडा तालुका, जि. जळगाव